व्ह्यूइंग कार्ड आणि अधिकारविचार

उपग्रहावरून येणारा दूरचित्रवाणीचा संकेत घर पाहून पडत नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी स्थिर भासणारा उपग्रह आपल्या टापूतल्या प्रत्येक छपरावर तोच संकेत टाकतो. वर्गणी भरलेल्या घराच्या छत्रीत तो उतरतो, तसाच पॅक संपलेल्या शेजाऱ्याच्या छत्रीतही उतरतो. चित्र मात्र एकाच्याच पडद्यावर दिसते. हा भेद करणारी वस्तू म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या फटीत सरकवलेले व्ह्यूइंग कार्ड: ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असा प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यात बसवलेली एक चिप.

जे सर्वांपर्यंत पोचले ते सर्वांना का कळू नये, आणि कोणाला कळावे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न दूरचित्रवाणीपेक्षा फार जुना आहे. भारतीय दर्शनांनी त्याची चर्चा ‘अधिकार’ या नावाखाली केली. मीमांसकांनी ती यज्ञाच्या संदर्भात केली, वेदान्त्यांनी ब्रह्मविद्येच्या आणि तांत्रिकांनी दीक्षेच्या. व्ह्यूइंग कार्ड हे त्याच प्रश्नाचे यंत्रात उतरवलेले एक उत्तर आहे. यंत्राला मोघमपणा चालत नाही. त्यामुळे या उत्तरात काय गृहीत धरले आहे ते स्वच्छ दिसते, आणि त्याच्याशेजारी ठेवून जुन्या उत्तरांचीही पारख करता येते.

कार्डाचे काम

डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि आवाज १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पुड्यांत बांधून पाठवले जातात. प्रत्येक पुडीच्या माथ्यावर तिचा क्रमांक असतो आणि आतला मजकूर कूटबद्ध आहे की नाही हे सांगणारी दोन बिटांची खूण असते. मजकूर कूटबद्ध करण्याची युरोपात ठरलेली आणि पुढे जगभर पसरलेली रीत १९९४ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यातल्या किल्लीला कंट्रोल वर्ड म्हणतात. ही किल्ली ६४ बिटांची असली तरी तिचा प्रत्येक चौथा बाइट केवळ आधीच्या तिघांचा पडताळा असतो. म्हणून खरी गुप्त बिटे ४८ उरतात. त्यांच्या शक्य जुळण्या सुमारे २८१ लाख कोटी होतात. शिवाय ही किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. एकीने कुलूप उघडलेले असतानाच पुढची तयार ठेवली जाते, त्यामुळे पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही.

इतक्या वेगाने बदलणारी किल्ली घरोघरी पोचवायची तर ती त्याच संकेतातून पाठवावी लागते, आणि उघडी पाठवली तर कुलपाला अर्थ उरत नाही. म्हणून ती दुसऱ्या कुलपात ठेवली जाते. चित्रासोबत वाहणाऱ्या ई.सी.एम. नावाच्या संदेशात चालू कंट्रोल वर्ड कूटबद्ध रूपात असतो. हा संदेश सर्वांसाठी एकच असतो. तो उलगडणारी वरची किल्ली कार्डाच्या चिपमध्ये असते आणि ती सहसा महिन्या-दोन महिन्यांसारख्या ठरावीक काळासाठीच चालते. तिचे नूतनीकरण ई.एम.एम. या दुसऱ्या संदेशाने होते, आणि तो मात्र विशिष्ट कार्डाच्या किंवा कार्डांच्या गटाच्या नावाने निघतो. थोडक्यात, पहिला संदेश ‘हे असे उघडते’ एवढे सांगतो आणि दुसरा ‘अमुक क्रमांकाच्या कार्डाने उघडावे’ असे सांगतो. विद्या आणि अधिकार यांची अशी काटेकोर फाळणी शास्त्रग्रंथांतही क्वचितच आढळते.

कार्ड बसवणे

कार्ड बसवण्याची कृती साधी आहे, पण तिचा क्रम महत्त्वाचा आहे. बॉक्स बंद करून, चिपचे सोनेरी संपर्क बॉक्सवर दाखवलेल्या दिशेला ठेवून कार्ड फटीत टेकेपर्यंत सरकवले जाते. बॉक्स सुरू झाला की तो कार्डाला वीज देतो आणि नव्याने जागे व्हायला सांगतो. कार्ड ठरलेल्या नमुन्यात उत्तर देते: आपण कोणत्या जातीचे आहोत, किती वेगाने बोलतो, कोणती भाषा समजते. उत्तर अपेक्षेप्रमाणे नसेल तर पडद्यावर कार्ड अवैध असल्याची सूचना येते. उत्तर जुळले तर बॉक्स प्रक्षेपणातली एक सूची पाहून या कार्डाच्या घराण्याचे संदेश कोठे वाहत आहेत ते शोधतो.

यानंतरचा टप्पा घराबाहेर घडतो. ग्राहक कार्डावरचा व्ही.सी. नंबर कंपनीला कळवतो. कंपनीच्या संगणकात त्या क्रमांकापुढे पॅक नोंदवला जातो आणि त्या क्रमांकाच्या नावाने ई.एम.एम. आकाशात सोडला जातो. तो ठरावीक अंतराने पुन:पुन्हा प्रक्षेपित होतो. पण तो येईल तेव्हा बॉक्स चालू असला पाहिजे. म्हणूनच बॉक्स चालू ठेवून एका ठरावीक वाहिनीवर काही मिनिटे थांबायला सांगितले जाते. कुलूपबंद राहिलेल्या घरातले कार्ड काही महिन्यांनी अनधिकृत ठरते, कारण मधल्या काळात त्याच्यासाठी झालेल्या हाका त्याने ऐकलेल्या नसतात. तेव्हा कंपनीकडून पुन्हा ‘रिफ्रेश’ मागवावा लागतो. अनेक कंपन्या कार्ड आणि बॉक्स यांची जोडीही बांधून टाकतात. मग तेच कार्ड दुसऱ्या बॉक्समध्ये चालत नाही. अलीकडच्या कित्येक बॉक्सांत वेगळे कार्ड नसते, त्याचे काम बॉक्समधलीच चिप करते. तत्त्व मात्र तेच राहते.

चित्र होते की घडले?

कार्ड बसवण्यापूर्वी घरात पोचलेल्या संकेतात चित्र होते का? हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या वादाला थेट भिडतो. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य उत्पन्न होण्यापूर्वीच कारणात सूक्ष्म रूपाने असते. तिळात तेल असते म्हणून ते निघते. वाळू कितीही रगडली तरी तेल निघत नाही. या मताने चित्र संकेतात अव्यक्त रूपाने होतेच, कार्डाने ते व्यक्त केले. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद याच्या उलट आहे. धाग्यांत वस्त्र आधी नसते. धागे, विणकर आणि माग यांच्या संयोगाने ते नव्याने निर्माण होते. तसे संकेत, कार्ड आणि पडदा एकत्र आल्यावर चित्र नवे घडते.

कूटबद्ध संकेताची तपासणी केली तर दोन्ही बाजूंना थोडे थोडे मान्य करावे लागते. योग्य किल्लीने त्या संकेतातून नेमके एकच चित्र निघते आणि ते दर वेळी तेच निघते. त्यात कार्ड स्वतःचे काही घालत नाही. हा पुरावा सांख्यांच्या बाजूचा आहे. पण चुकीची किल्ली लावली तर निघते ती निव्वळ बिटांची रास. तिळाचे तेल कमी-अधिक निघू शकते. कूटबद्ध चित्राचे असे निम्मे-पाऊण काही निघत नाही, ते सगळे मिळते किंवा काहीच मिळत नाही. नैयायिक येथे ‘प्रतिबंधक’ ही आपली संकल्पना पुढे करू शकतो. सर्व कारणे जमूनही एखादा अडथळा कार्य रोखून धरतो. म्हणून अडथळ्याचा अभाव हेही एक कारण मानावे, असे नव्य नैयायिकांचे म्हणणे आहे. अग्नी जवळ असूनही विशिष्ट मणी ठेवला की जाळत नाही, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. प्रक्षेपकाने मुद्दाम ठेवलेला असा मणी म्हणजे हे कूटलेखन, आणि कार्ड त्या मण्याला बाजूला सारते.

अद्वैत वेदान्ताची भाषा या प्रसंगाला सर्वांत जवळ जाते. अविद्येच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत: वस्तू झाकणारी आवरणशक्ती आणि तिच्या जागी भलतेच दाखवणारी विक्षेपशक्ती. जुन्या ॲनालॉग पद्धतींत चित्राच्या रेघा कापून पुढेमागे सरकवल्या जात. कार्ड नसलेल्याला फाटकी, वेडीवाकडी चित्रे दिसत आणि त्यांतून काहीतरी ओळखल्याचा भासही होई. तो विक्षेप होता. डिजिटल पद्धतीत पडदा काळा राहतो आणि एक सूचना येते. हे शुद्ध आवरण आहे. वेदान्ती गळ्यातच असलेला अलंकार शोधत फिरणाऱ्याचा दाखला देतात आणि मोक्षाला ‘प्राप्ताचीच प्राप्ती’ म्हणतात. नदी ओलांडून आल्यावर स्वतःला सोडून नऊच जण मोजणाऱ्या दहाव्या माणसाची गोष्टही त्याच अर्थाची आहे. त्याला कोणीतरी बाहेरून ‘दहावा तूच’ असे सांगावे लागते. वस्तू जवळ असते; तिची ओळख पटवणारा शब्द मात्र बाहेरून यावा लागतो. घरात उतरलेला संकेत आणि कंपनीकडून येणारा ई.एम.एम. यांचे नाते बाह्यतः असेच आहे.

बाह्यतः म्हणण्याचे कारण असे की येथे आवरण घालणारा आणि ते काढणारा एकच आहे. अद्वैतात गुरू अविद्या निर्माण करत नाही. ती अनादी मानली आहे. प्रक्षेपक मात्र स्वतः कुलूप घालतो आणि स्वतः किल्ली देतो. त्यामुळे ‘कुलूप का घातले?’ हा प्रश्न गुरूला विचारता येत नाही, प्रक्षेपकाला विचारता येतो. धर्माच्या इतिहासातही अनेकदा याच दोन स्थितींची गल्लत झाली: माणसाने घातलेले कुलूप हे निसर्गतःच असलेले आवरण म्हणून दाखवले गेले.

अधिकाराच्या चार अटी

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराला वाहिलेला आहे. यज्ञाचे फळ कोणाला मिळू शकते, हा त्याचा विषय. परंपरेने त्यातून चार अटी काढल्या: माणूस अर्थी हवा, म्हणजे त्याला फळाची इच्छा हवी, समर्थ हवा, म्हणजे शरीर आणि साधने हवीत, विद्वान हवा, म्हणजे कृती कशी करावी हे त्याला ठाऊक हवे, आणि शास्त्राने त्याला वगळलेले नसावे. पहिल्या तीन अटी माणसाच्या ठायी असतात, चौथी बाहेरून लागू होते.

व्ह्यूइंग कार्डाला या चार अटी लावून पाहिल्या तर अधिकाराचे दोन अर्थ वेगळे होतात. पाहण्याची इच्छा ग्राहकात असते. सामर्थ्य छत्री, बॉक्स आणि विजेत असते. रिमोट चालवण्याचे ज्ञान घरातल्या लहान मुलातही असते. या तिन्हींची कार्डाला पर्वा नाही. कार्ड फक्त चौथी अट तपासते: या क्रमांकाला वगळले आहे की नाही. समोर संगीताचा जाणकार बसला आहे की झोपलेला माणूस, हे कार्डाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. अधिकारातून योग्यता पूर्णपणे गाळून केवळ परवानगी उरवली की काय मिळते, याचा हा नमुना.

वेदान्ताने दुसऱ्या टोकाला जाऊन योग्यतेवर भर दिला. ब्रह्मसूत्रातल्या पहिल्याच शब्दाचा, ‘अथ’चा, अर्थ लावताना शंकराचार्य विचारतात की ब्रह्माची जिज्ञासा कशानंतर? त्यांचे उत्तर चार साधनांनंतर असे आहे: नित्य आणि अनित्य यांचा विवेक, इहपरलोकीच्या भोगांविषयी वैराग्य, शम-दम इत्यादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व. ही चारही साधने कोणी कोणाला बहाल करू शकत नाही. ती माणसात पिकावी लागतात. येथे अधिकार म्हणजे पात्राची तयारी. कच्च्या मडक्यात पाणी ओतू नये असे म्हणणारा मडक्याला अपात्र जन्माचे ठरवत नाही, ते भाजून निघण्याची वाट पाहतो.

परंतु त्याच ब्रह्मसूत्रांत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले अपशूद्राधिकरण आहे, आणि तेथे शंकराचार्यांनीही वेदाध्ययनाचा अधिकार जन्मावरून नाकारला आहे. इतिहास-पुराणांतून चारही वर्णांना ज्ञान मिळू शकते, अशी वाट त्यांनी मोकळी ठेवली. वेदाचे दार मात्र बंदच ठेवले. या अधिकरणात सत्यकाम जाबालाची छांदोग्य उपनिषदातली कथा पुरावा म्हणून येते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सत्यकाम हारिद्रुमत गौतमाकडे ब्रह्मचर्यासाठी जातो. गोत्र विचारल्यावर तो सांगतो की आईलाही ते ठाऊक नाही. गौतम त्याच्या सत्यनिष्ठेवर त्याला स्वीकारतो. कथा सरळ वाचली तर गौतमाने नंबर न तपासता माणूस तपासला. सूत्रकाराने मात्र तिचा अर्थ असा लावला की सत्य बोलण्यावरून तो शूद्र नसल्याची खात्री झाल्यावरच गौतम पुढे गेला. एकाच कथेत एका वाचकाला योग्यता दिसते आणि दुसऱ्याला परवानगी. अधिकारविचाराचा सारा पेच या दोन वाचनांमध्ये आहे.

झाकलेल्या विद्येची परंपरा

विद्या गुप्त ठेवण्यामागे एकच कारण नव्हते. छांदोग्यात मधुविद्येच्या अखेरीस सांगितले आहे की ही विद्या बापाने ज्येष्ठ मुलाला किंवा योग्य शिष्यालाच द्यावी, दुसऱ्या कोणी समुद्रवेढी धनाने भरलेली पृथ्वी देऊ केली तरी देऊ नये. व्ह्यूइंग कार्डाच्या नेमके उलट टोक ते हे: तेथे धनाने अधिकार मिळत नाही, येथे धनावाचून मिळत नाही. तंत्रमार्गात साधना चुकीच्या हाती जाऊन अपाय होऊ नये म्हणून गुप्तता सांगितली गेली, आणि सिद्धांची पदे दुहेरी अर्थाच्या संधाभाषेत रचली गेली.

महाराष्ट्राच्या इतिहासात खऱ्याखुऱ्या कूटलेखनाचे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी लोकांच्या बोलीत उपदेश केला. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही मराठीतच. संस्कृत न जाणणाऱ्या साध्या माणसांना ज्ञानाला मुकावे लागू नये, असा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांचा आग्रह होता. पुढे चौदाव्या शतकापासून याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या या लिप्या पंथाबाहेरच्याला वाचता येत नसत. पवित्र ग्रंथांत बाहेरच्यांनी भर घालू नये, त्यांची टवाळी होऊ नये आणि पंथाला उपद्रव होऊ नये, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. परिणाम मात्र दुहेरी झाला. ग्रंथ शुद्ध राहिले, पण मराठीचे सर्वांत जुने गद्यवैभव कित्येक शतके मराठी वाचकाला परके राहिले, आणि जे दिसत नव्हते त्याविषयी गैरसमज पसरायला रान मोकळे मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. भाषेचे दार उघडणाऱ्या पंथानेच लिपीचे दार लावून घ्यावे, हा विरोधाभास कोणा एकाचा दोष नव्हे. पण संरक्षणासाठी घातलेले कुलूप आपलाच माल आपल्याच लोकांपासून किती काळ दूर ठेवू शकते, हे त्यातून दिसते.

कुलपे उघडणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. रामानुजाचार्यांविषयी श्रीवैष्णव परंपरा सांगते की तिरुक्कोष्टियूर येथे गुरूकडून गुप्ततेच्या अटीवर मंत्र मिळाल्यावर त्यांनी तो मंदिराच्या गोपुरावर चढून सर्वांना ऐकवला. आज्ञाभंगाने आपल्याला नरक मिळाला तरी ऐकणारे तरतील, असा त्यांचा हिशेब होता. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध केली. तिच्या अठराव्या अध्यायात त्यांनी वेदावर कृपणपणाचा ठपका ठेवला आहे: एवढा श्रीमंत असून तो तीनच वर्णांच्या कानी लागतो. स्त्री-शूद्रांसह सर्वांसाठी गीता उघडी झाली, ती या उणिवेची भरपाई म्हणून, असे ते सांगतात. सत्ता कोणाची यापेक्षा कृपण कोण, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न प्रत्येक कुलपाला विचारता येतो.

विद्या उघडी करण्याच्या याच निष्कर्षाकडे वेगळ्या वाटेने जाणारा एक नियम आधुनिक कूटशास्त्राने दिला. १८८३ मध्ये ऑगस्ट कर्कहॉफ्स याने लष्करी कूटलेखनावर लिहिताना मांडले की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी हवी; गुप्त राहावी ती केवळ किल्ली. दूरचित्रवाणीच्या कूटपद्धतीने हा नियम पूर्ण पाळला नाही. तिची रचना गुप्त ठेवली गेली आणि २००२ मध्ये एका संगणक-प्रणालीतून ती फुटली. पद्धत झाकून मिळणारी सुरक्षा टिकाऊ नसते. हा नियम साधनामार्गाला लावला तर असे म्हणता येते की ग्रंथ, मंत्र आणि पद्धती उघड्या केल्याने विद्या हलकी होत नाही. जी किल्ली खरोखर प्रत्येकाची वेगळी असते, ती म्हणजे त्याची स्वतःची तयारी. आणि ती कोणी चोरून नेऊ शकत नाही.

आलेले आणि दिलेले

घरात आपोआप आलेला संकेत बनावट कार्डाने उलगडणे ही चोरी ठरते का? उलगडणाऱ्याचा युक्तिवाद असा असतो की त्याने कोणाच्या घरात जाऊन काही उचललेले नाही. संकेत त्याच्याच छपरावर पडला, आणि त्याच्या पाहण्याने दुसऱ्याचे चित्र तसूभरही कमी झाले नाही. ज्ञान आणि प्रकाश वाटल्याने कमी होत नाहीत, हे खरे आहे.

योगसूत्रांत अस्तेय हा पाच यमांपैकी एक आहे. जैन आणि बौद्ध परंपरांनी चोरीची जी व्याख्या केली ती या प्रसंगी अधिक नेमकी ठरते: अदत्तादान, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. या व्याख्येत मालकाची वस्तू कमी झाली की नाही हा प्रश्नच येत नाही. प्रश्न एवढाच असतो की ती दिली होती का. कूटबद्ध संकेत छपरावर आलेला असतो. पण तो दिलेला नसतो. कुलूप हीच न दिल्याची जाहीर खूण आहे. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली पेटी घरात आहे म्हणून ती उघडण्याची परवानगी मिळत नाही.

या झटापटीचा सर्वांत गाजलेला प्रसंग अमेरिकेत घडला. डायरेक्टीव्ही या कंपनीच्या कार्डांत फेरफार करून फुकट पाहणारे खूप झाले होते. कंपनीने कित्येक महिने संकेतातून बारीकसारीक, निरर्थक वाटणारे बदल कार्डांत पोचवले. ते सर्व जुळून एक कार्यक्रम तयार झाला आणि २१ जानेवारी २००१ रोजी, फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या आठवडाभर आधी, एका आदेशासरशी फेरफार केलेली कार्डे निकामी झाली. न दिलेले घेणाऱ्यांच्या हाती त्याच वाटेने शिक्षाही उतरली होती.

तरीही अदत्तादानाचा नियम कुलूप घालणाऱ्याला सर्व जबाबदारीतून सोडवत नाही. चित्र वाटल्याने कमी होत नसले, तरी ते तयार करणाऱ्या माणसांची मजुरी त्यांना मिळाली नाही तर पुढचे चित्र निघत नाही. कुलपाचे समर्थन येथपर्यंत आहे आणि येथेच संपते. मजुरीचे कुलूप न्याय्य ठरण्यासाठी त्याची किंमत जाहीर हवी, ती भरणाऱ्या कोणालाही किल्ली मिळायला हवी, आणि सर्वांना हवे असे काहीतरी कुलपाबाहेर असायला हवे. भारतात केबलच्या डिजिटलीकरणासाठी २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली, आणि घरोघरी बॉक्स आले. २०१९ मध्ये प्रत्येक सशुल्क वाहिनीची स्वतंत्र किंमत जाहीर करण्याचा नियम लागू झाला. त्याच आकाशात, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहावरून, प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा मासिक वर्गणीशिवाय मिळते. तिची सुरुवात डिसेंबर २००४ मध्ये वेगळ्या नावाने झाली होती. किंमत जाहीर असणे आणि उघडे आकाशही शिल्लक असणे या दोन गोष्टी व्ह्यूइंग कार्डाला जन्माधारित अधिकारापासून वेगळे करतात. थकबाकी भरली की बंद कार्ड पुन्हा चालू होते. जन्माने नाकारलेला अधिकार कोणत्याही किमतीला, कितीही वाट पाहून परत मिळत नव्हता.

उपमेची मर्यादा

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त कानावर पडणारा ध्वनी आणि त्यातून व्यक्त होणारा, अर्थ वाहणारा अखंड शब्द, म्हणजे स्फोट, यांत भेद केला. ध्वनी क्रमाने येतो, स्फोट एकदम उमगतो. कार्डाचे सारे काम ध्वनीच्या बाजूला राहते. ते कूट उलगडून चित्र आणि आवाज मोकळे करते. पण प्रवचन चालू असलेल्या वाहिनीवर प्रवचन काय सांगते हे कार्डाला कळत नाही. दिवसाला हजारो किल्ल्या उलगडूनही कार्ड पहिल्या दिवशी होते तसेच राहते. गुरूपरंपरेत याच्या उलट अपेक्षा असते: जी विद्या मिळाली तिने घेणाराच बदलला पाहिजे, नाहीतर ती मिळालीच नाही असे समजतात.

म्हणून अधिकाराच्या दोन अर्थांपैकी कार्डाला एकच सांभाळता येतो, आणि धर्माच्या क्षेत्रात तोच अर्थ कमी महत्त्वाचा आहे. परवानगीचे कुलूप श्रमाच्या मोबदल्यासाठी, मर्यादित काळापुरते आणि उघड अटींवर घातले तर ते समर्थनीय आहे. तेच कुलूप मोक्षविद्येवर आणि माणसाच्या जन्मावर घातले तर ज्ञानेश्वरांचा कृपणपणाचा ठपका त्याला लागू होतो. उरतो तो योग्यतेचा अधिकार. तो कोणी देत नाही आणि कोणी काढूनही घेत नाही. लीळाचरित्र आज देवनागरीत छापील मिळते आणि ते वाचायला सकळ लिपीची किल्ली लागत नाही. ते समजायला मात्र चक्रधरांच्या काळात जे लागत होते तेच आजही लागते.